बर्फगाडीतला मोर

चहा आला का सगळ्यांच्या हातात? मग ऐका. स्वतःची फजिती मी स्वतःच सांगून टाकतो, कारण मी नाही सांगितली तर माझी बायको नीता सांगते, आणि तिच्या सांगण्यात मी आहे त्याहून मोठा गाढव निघतो.

मी कवळ्या बनवतो. पनवेलचे दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेतात आणि दात मी घडवतो. या धंद्यात नजर लागते. दात नुसता पांढराशुभ्र केला की तो लगेच खोटा दिसतो. त्याला मुळाशी जरा पिवळट झाक द्यावी लागते, एखादी केसाएवढी रेघ ओढावी लागते, तेव्हा कुठे तो खरा वाटतो. थोडक्यात, खोट्याचं खरं करण्यात माझा हात बसलेला आहे. आता या हाताने मला कुठे नेऊन बसवलं ते बघा.

आम्ही कामोठे गावातले. आज गावाभोवती सेक्टर उभे राहिलेत, पण माझ्या लहानपणी आमच्या दारातून थेट मिठागरं दिसायची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तेव्हा बर्फ वाहायचे. त्यांच्याकडे एक पिकअप होती. पनवेलच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या, त्यावर भाताचा तूस, वर ताडपत्री, आणि पहाटे उरणजवळच्या करंज्याच्या बंदरावर पोचायचं. तिथे होड्या लागलेल्या असायच्या, मासळीचा लिलाव चाललेला असायचा आणि बर्फाची वाट बघणारे शंभर हात असायचे. सुट्टीच्या दिवशी मीही जायचो.

गाडी बाहेरून साधीच होती, पण आतून काय सांगू! गोपी पेंटर म्हणून एक कलाकार होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, डोळे काढायचा. त्याने अण्णांच्या गाडीचा पत्र्याचा डॅशबोर्ड असा रंगवला होता की सागाची फळी वाटावी. लाकडाच्या रेषा, गाठी, सगळं. खाली नक्षीदार ॲल्युमिनियमची पट्टी, दारांना आतून लाल रेक्झिन, त्यावर पितळी फुलांचे खिळे. आणि समोरच्या खणाच्या झाकणावर मोर. मला त्या केबिनमधलं सगळं आठवायचं. पायाखालचा ओला पत्रा, मासळीचा वास, डुलकी लागली की त्या मोरावर टेकलेलं माझं कपाळ, आणि शेजारून येणारं गुणगुणणं.

बर्फाचा धंदा बसला तशी अण्णांनी गाडी विकली. घाटावरचा कोणीतरी घेऊन गेला. विषय संपला.

गेल्या वर्षी आई गेली, आणि ऐंशी ओलांडलेल्या अण्णांनी बोलणंच सोडलं. जेवलात का, तर मान हलवायची. बरं वाटतंय का, तर पुन्हा मान. दिवसभर ओट्यावर बसून समोरच्या रस्त्याकडे बघत राहायचे. एका संध्याकाळी गोळेवाल्याची हातगाडी घरासमोरून गेली. अण्णांनी तो बर्फ बघितला, खूप वेळ बघितला, आणि म्हणाले, "आपली गाडी कुठं आसंल रं?"

कित्येक दिवसांनी आलेलं ते पहिलं अख्खं वाक्य. मी धावत आत जाऊन नीताला सांगितलं. त्याच क्षणी मी ठरवलं की गाडी शोधायची, आतून होती तशी करायची आणि अण्णांना तिच्यात बसवायचं. अण्णांना आधी काही सांगायचं नाही.

मग मी भंगारवाल्यांच्या मागे लागलो. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरची सगळी आवारं धुंडाळली. कंटेनरच्या ट्रेलरांनी उडवलेली धूळ खाऊन खाऊन माझा रंग गोपी पेंटरच्या लाकडासारखा झाला. आणि शेवटी कळंबोलीला, लोखंडाच्या गोदामांच्या मागे, ती दिसली. बॉनेट गंजलेलं, सीटमध्ये मांजर व्यालेली, नंबरच्या पाट्या कधीच्याच गेलेल्या. मी दार ओढलं. डॅशबोर्डावर लाकडाच्या रेषा होत्या, सोललेल्या, पण होत्या. खणाच्या झाकणावर मोराची निळी मान शाबूत होती. मी आत वाकून डॅशबोर्डाखाली हात फिरवला तर बोटाला खरवडलेलं अक्षर लागलं. मोबाइलच्या उजेडात बघितलं. 'द'.

माझं नाव दिलीप. मी त्या मांजरीसमोर बसून रडलो. लहानपणी खिळ्याने ते अक्षर मीच कोरलं असणार, ते मला तिथल्या तिथे आठवलंसुद्धा. बघा, माणसाला काय काय आठवतं.

गाडी कुठली, असं भंगारवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पनवेलकडचीच आहे. अजून काय हवं होतं?

घरी नीताने मात्र सरळ विचारलं, "अहो, नंबर वगैरे जुळवून बघितलात का?"

मी म्हणालो, आपल्या माणसाला ओळखायला आधार कार्ड मागतात का?

"बँकेत मागतात," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

गाडी मी ओल्ड पनवेलला इक्बालभाईंच्या शेडमध्ये ठेवली. इक्बालभाई म्हणजे सीट आणि हूड शिवणारा माझा जुना दोस्त. इंजिनाचं काम त्यांच्या ओळखीच्या मिस्त्रीने केलं. सीट आणि रेक्झिन इक्बालभाईंनी घेतलं. डॅशबोर्ड, पट्टी, खिळे आणि मोर माझ्याकडे. रोज दुपारी दुकान बंद करून मी तिकडे जायचो.

ते दिवस फार सुंदर गेले, खोटं कशाला बोलू. कवळ्या घासायची पावडर वापरून मी ती ॲल्युमिनियमची पट्टी अशी चमकवली की तिच्यात बघून इक्बालभाई दाढी विंचरायचे. खिळ्यांची पितळी फुलं एकेक काढून चिंचेत उकळली. लाकडाच्या रेषांसाठी आधी बदामी रंग दिला, वर पातळ तपकिरी, आणि तो ओला असतानाच कंगव्याने ओढला. गाठी काढायला दाताच्या कामातला बारीक ब्रश. मोराला तर मी हात लावताना श्वास रोखायचो. जिथे जुना रंग उरला होता तिथे तोच ठेवला. जिथे उडाला होता तिथे, जसा होता तसाच, त्याच रेषेवरून भरला. एक पीस इकडचं तिकडे नाही. एवढ्या काळात पनवेलमधले दोन-तीन म्हातारे वरण-भातावर राहिले, कारण त्यांचे दात माझ्या टेबलावर तसेच पडून होते. त्यांची मी नंतर माफी मागितली. त्यांना मोराचा फोटो दाखवला. ते पाघळले.

आता यात मला सावध करणाऱ्या गोष्टी घडल्या नाहीत असं नाही. जुनी सीट उसवली तेव्हा आतल्या काथ्यातून माशांची खवलं निघाली, ओंजळभर. इक्बालभाईंनी विचारलं की बर्फाच्या गाडीत सीटखाली खवलं कशी? मी सांगितलं, बंदरावर जाणारी गाडी, खवलं येणारच. मग एकदा ते सीटवर बसून बघत होते.

"दिलीपभाई, तुमचे वालिद तर चांगले उंच आहेत ना?"

मी हो म्हणालो.

"या सीटवर उंच माणूस बसला तर गुडघे कानाला लागतील. ही तर ठेंगण्या माणसासाठी पुढे घेतलीय, आणि घेऊनही जमाना झालाय."

मी म्हटलं, नंतरच्या मालकाने घेतली असेल. माणसाचं मन एकदा वकील झालं ना, की प्रत्येक पुराव्याला त्याच्याकडे उत्तर तयार असतं. मी सीट मागे सरकवून नवीन छिद्रं पाडून घेतली आणि 'अण्णांच्या मापाची' करून टाकली. इक्बालभाई अल्लाची मर्जी म्हणाले आणि सुईत दोरा ओवायला लागले.

काम होत आलं तेव्हा माझ्या भाचीने आतल्या सजावटीचा व्हिडिओ काढला. मी डॅशबोर्डावर हात ठेवून बोलतोय, वडिलांची बर्फगाडी, माझं बालपण, हे माझं अक्षर वगैरे. आणि डोळ्यांतून धारा. तो व्हिडिओ आधी नातेवाइकांत फिरला, मग गावात, मग खाडी ओलांडून पार उरणकडे गेला. अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. एक बाई तर फोनवर नुसती हसली आणि अण्णांना गाडी दाखवायचा दिवस कुठला, एवढंच विचारून तिने फोन ठेवला. मला वाटलं, भावना अनावर झाल्या असतील.

तो दिवस उजाडला. अण्णांना आम्ही नवीन सदरा घालून ओट्यावर बसवलं. इक्बालभाईंनी गाडी दुसऱ्या ट्रकवर चढवून आणली आणि अंगणात लावली. वर ताडपत्री. भावकीतले लोक जमले होते, पेढे होते, हार होता. मी ताडपत्रीला हात घालणार, तेवढ्यात दारात एक रिक्षा थांबली आणि तिच्यातून एक ठेंगणा, काळा, ताठ म्हातारा उतरला. मागोमाग माझ्याच वयाची एक बाई. सवयीप्रमाणे मी आधी त्याचे दात बघितले. सगळे स्वतःचे.

ओट्यावरून अण्णा म्हणाले, "बामा."

बामा नाखवा म्हणजे करंज्याचा मासळीवाला. अण्णांच्या बर्फात रचलेली मासळी तो स्वतःच्या गाडीने पनवेलच्या बाजारात आणायचा. एके काळी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. मग काहीतरी बिनसलं. काय ते अण्णांनी कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर त्यांच्यात बोलणं नव्हतं आणि आमच्या घरात ते नाव घ्यायचं नाही असा नियमच होता.

आणि मला काय वाटलं? मला वाटलं, माझा व्हिडिओ बघून या माणसाला पाझर फुटला. इतक्या वर्षांचं वैर मिटवायला तो स्वतः चालून आलाय. मी धावत जाऊन त्यांच्या पाया पडलो, त्यांना हाताला धरून गाडीपाशी आणलं, ताडपत्री बाजूला केली आणि दार उघडून भाषण सुरू केलं. हो, भाषण. बामाकाका, ही बघा अण्णांची गाडी. या मोरावर कपाळ टेकून मी झोपायचो. अण्णा शेजारी गुणगुणत गाडी चालवायचे. आणि हे बघा, हे अक्षर मी कोरलेलं.

नाखव्याची मुलगी पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं रडतेय.

अण्णांना दोघांनी धरून आणलं आणि चालकाच्या सीटवर बसवलं. त्यांनी डॅशबोर्डावरून हात फिरवला. पट्टीवरून फिरवला. मोराकडे बघत राहिले. माझे डोळे तर आधीच भरलेले.

अण्णा म्हणाले, "काम लय ब्येस हाय."

मी मान हलवली.

"पन ही आपली नाय."

मी म्हटलं, अण्णा, नीट बघा, चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली, विसरला असाल.

"आपला मोर माझ्याकडं बघायचा," अण्णा शांतपणे म्हणाले. "गोपीला मी सांगूनच काढून घेतला व्हता. ह्यो मोर दाराबाहेर बघतंय. ही बामाची."

मी वळून बघितलं. बामा नाखवा दाराला टेकून आत बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "दर्याकडं बघतंय त्यो," ते म्हणाले. "पनवेलला जाताना दर्या त्याच बाजूला."

आता मी काय करावं सांगा. हातात हार, समोर भावकी. मी बुडत्यासारखं त्या अक्षराला धरलं. म्हटलं, मग हा 'द' कसा? तेव्हा नाखव्याच्या मुलीने पदर बाजूला केला. ती रडत नव्हती. ती तिथे आल्यापासून हसत होती.

"मी दमयंती," ती म्हणाली. "ते अक्षर कोरलं म्हणून मी बाबांचा मार खाल्लाय. तुम्ही व्हिडिओत त्याला हात लावून रडत होता ना, तेव्हा आमची अख्खी आळी बघत होती."

फोनवर हसलेली बाई हीच, हे मला त्या वेळी कळलं. मी तरीही हरलो नाही. मी अण्णांना म्हणालो, अक्षर जाऊ द्या, पण मला आठवतंय ते खोटं कसं असेल? तो वास, ते मोरावर टेकलेलं कपाळ, ते तुमचं गुणगुणणं?

अण्णा माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मी लहानपणी गणितात नापास झाल्यावर बघायचे.

"म्या कवा गुनगुनलो?" ते म्हणाले. "आनि तू माझ्या गाडीत पुढं बसलास कवा? जाताना तुला मागं ताडपत्रीवर बसवायचो, पुढं बसलास की वकायचास. येताना मला बंदरावर उशीर व्हायचा, म्हनून तुला बामाच्या गाडीनं घरी धाडायचो. त्याची गाडी मासळीची, घाईची. दार उघडं टाकून चालवायचा, तुला वारा लागायचा, तू गप झोपायचास."

"त्या झाकनावर डोका ठेवून," बामा नाखवा म्हणाले. "लाळ गाळायचास. मी पुसायचो."

म्हणजे बघा, माझी आठवण शंभर टक्के खरी होती. केबिन तीच, मोर तोच, वास तोच, गुणगुणणंसुद्धा तेच. बाप तेवढा दुसऱ्याचा होता. बामाकाकांची गाडी मला आठवत होती, पण ती मी आठवणीतल्या आठवणीत अण्णांच्या नावावर करून टाकली होती. कागदपत्रांशिवाय.

मी अंगणात हार धरून उभा. भावकीतल्या लोकांनी पेढे खायला सुरुवात केली होती, कारण पेढ्यांचा काही दोष नव्हता.

पण इकडे गाडीत भलतंच सुरू झालं होतं. नाखवा वळसा घालून दुसऱ्या बाजूने आत चढले आणि अण्णांच्या शेजारी बसले. थोडा वेळ दोघंही समोरच्या काचेतून आमच्या तुळशीवृंदावनाकडे बघत राहिले. मग अण्णा म्हणाले, "आता तरी सांग. सरावाची कुनाची?"

आणि त्या भांडणाचं मूळ मला या वयात कळलं. गोपी पेंटरने दोघांच्या गाड्या आतून सारख्याच सजवल्या होत्या. पुढे एका लग्नात, जरा जास्त झाल्यावर, तो बोलून गेला की दोनपैकी एक गाडी मी सरावासाठी रंगवली आणि दुसरी मन लावून. सरावाची कुठली, ते सांगायच्या आत त्याला झोप लागली. शुद्धीवर आल्यावर त्याने दोघांची तोंडं बघितली आणि कधीच सांगितलं नाही. मग हा म्हणे तुझी सरावाची, तो म्हणे तुझी. त्यात शब्दाला शब्द वाढला आणि एवढ्या वर्षांची मैत्री त्या मोराच्या पिसाऱ्यात अडकून पडली.

"माजी नसंल," नाखवा म्हणाले.

"माजी तर नायच," अण्णा म्हणाले.

पुन्हा जुंपते की काय म्हणून मी पुढे झालो. पण दोघं हसत होते. खांदे हलत होते. मग अण्णा बोलायला लागले. ऐका हं, जे वर्षभर मान हलवत होते ते अण्णा. कुठल्या वळणावर बर्फ घसरला, कुठल्या पावसात रस्ता तुटला, कोणती होडी परत आली नाही, कुणाच्या हळदीला कोण नाचलं. नाखवा मध्येच चूक काढायचे, अण्णा ती मान्य करायचे नाहीत. नीताने दोघांना चहा गाडीतच नेऊन दिला. रिकामे कप बाहेर आणताना ती माझ्याजवळ थांबली. मला वाटलं, आता आधार कार्ड काढणार. पण ती म्हणाली, आत जाऊ नका, बोलू द्या त्यांना.

चहा झाल्यावर अण्णांना फेरी हवी झाली. रस्त्यावर न्यायची सोय नव्हती, कागदपत्रांचं अजून एजंट बघत होता. मग गावातल्या गावात, खाडीच्या बांधापर्यंत जायचं ठरलं. इक्बालभाई चालवायला बसले, शेजारी अण्णा आणि दाराकडे नाखवा. मी चढायला गेलो तर जागाच नव्हती. नाखव्यांनी दार ओढून घेतलं आणि मागे बस म्हणून खूण केली. गेलो. छपन्नाव्या वर्षी, नवा कुर्ता घालून, गळ्यात घालायला आणलेला हार हातात धरून मी मागच्या उघड्या हौद्यात उकिडवा बसलो. केबिनच्या मागच्या छोट्या काचेतून मला दोन पांढरी डोकी एकमेकांकडे झुकलेली दिसत होती.

बांधाजवळच्या टपरीपाशी गाडी थांबली. टपरीवाला नवीन माणूस, आम्हाला ओळखत नव्हता. तो खिडकीत वाकून आतलं सगळं निरखायला लागला. लाकडी रेषा, चमकती पट्टी, मोर. मी हौद्यातून कान टवकारले. म्हटलं, चला, निदान इथे तरी आपल्या हाताचं कौतुक होईल.

"मस्त ठेवलीय गाडी," तो म्हणाला. "कोणाची?"

अण्णांनी अंगठ्याने शेजारी दाखवलं. "ह्याची."

"आणि मागे हार घेऊन बसलेत ते?"

अण्णांनी मागे वळून माझ्याकडे एकदा नीट बघितलं.

"त्यो बी ह्याचाच," ते म्हणाले. "सकालपासून ह्याच्याच आठवनी सांगतंय."